सोंग आणि नेम

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असा आग्रह झाला तेव्हा तूर-उडदाच्या बाजाराविषयीच लिहावे असे आम्ही योजिले होते. परंतु गेल्या स्नेहसंमेलनापासून एक गोष्ट आमच्या मनास टोचत आहे, ती आधी सांगतो. मुलांच्या वेषभूषा-स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो, आणि तेथे आम्ही दिलेला एक निकाल आम्हांस आता बरोबर वाटत नाही.

वेषांतराची हौस सर्व जगास आहे. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये मोठमोठे उमराव इतिहासातील राजे-राण्यांचे पोशाख करून एका रात्रीपुरते मिरविले. आपल्याकडे बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) नायिकांची नेसण्या-सजण्याची ढब पाहून घरोघरच्या स्त्रियांनी ती उचलली. रंगभूमीवरचे सोंग माजघरातील रीत होऊन बसले.

आमच्या लहानपणी दुकानी बहुरूपी येई. एकदा तो पुरवठा खात्याचा तपासनीस होऊन आला. वडिलांनी लगबगीने वह्या पुढे केल्या, मापे पुसून मांडली, आणि मग त्याने हसून झोळी पसरली तेव्हा दोन पायल्या ज्वारी त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. (वह्यांत दडविण्याजोगे काही नव्हते, हे नमूद केलेले बरे!) बहुरूपी फसवितो खरा, पण शेवटी आपले सोंग आपणच उघडे करितो. म्हणून त्याचा कोणास राग येत नाही.

आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड बांधवांचा गुस्साडी मात्र निराळा. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे ताफे ढोल-वाद्यांसह गावोगाव फिरतात. त्यांत मोरपिसांचा भव्य मुकुट, त्यास शिंगे, खोटी दाढी, अंगास राख, खांद्यावर कातडे, हाती सोटा आणि पायांत घुंगरू अशा वेषात गुस्साडी नाचतो. परका मनुष्य ह्यास सोंग म्हणेल. पण तो मुकुट त्यांच्या दृष्टीने पूज्य असतो, आणि तो धारण करणारा नेमाने राहतो. दंडारी संपेपर्यंत स्नानही करीत नाही. ऑस्ट्रियन पंडित फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० नंतरच्या दशकात मार्लवाईस राहून ह्या लोकांविषयी लिहून गेले. त्याच मार्लवाईच्या कनक राजू ह्यांनी १९८१ साली दिल्लीत प्रजासत्ताक दिनी हे नृत्य नेले. त्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि २०२४ साली ते निवर्तले.

आता आमचा निकाल. एका सभासदाचा लहानगा नातू गुस्साडी होऊन मंचावर आला. प्लास्टिकची पिसे, कापसाची दाढी, तोंडास काजळ. त्याने माकडासारख्या उड्या मारल्या, सभागृह हसले, आम्हीही हसलो आणि पहिले बक्षीस दिले. मुलाचा काडीइतकाही दोष नाही. तेवढ्यात मागल्या दाराने आमचा हमाल जेवणाच्या तांदळाची पोती आणीत होता. तो गोंड आहे. दरसाल स्वतः गुस्साडी होतो. संध्याकाळी त्याने विचारले, “पोरानं किती दिस नेम धरला होता, शेटजी?” पोशाख सकाळीच भाड्याने आणला होता, हे आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. पुढचे पोते पाठीवर घेऊन निघून गेला.

विचार करा. आपल्या दिगंबर मुनींची पिच्छीही गळलेल्या मोरपिसांचीच असते. उद्या कोणी प्लास्टिकची पिच्छी हाती देऊन मुलास मंचावर उड्या मारावयास लाविले, तर आपण टाळ्या वाजवू काय? कोणी म्हणतील, लहान मुलांच्या खेळात एवढे काय पाहावयाचे? परंतु ज्यांच्या शेतातील धान्यावर आपले गोदाम भरते, त्यांचाच देव आपल्या घरी हसण्याचा विषय व्हावा, हे आम्हांस मान्य नाही. मुले शिवाजी महाराज होवोत, झाशीची राणी होवोत, खुशाल बहुरूपी होवोत. गुस्साडी पाहावयाचा असेल तर दंडारीच्या ताफ्यास सन्मानाने बोलवावे, त्यांची पंगत बसवावी, आणि मुलांनी खाली बसून पाहावे. ही सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे.

येत्या दिवाळीत आमचा हमाल नेहमीप्रमाणे काही दिवस कामावर नसेल. त्या दिवसांची मजुरी कापावयाची नाही, असे मुनिमास सांगून ठेविले आहे.