शब्दाचे साल सोलून पाहा



परवा गडमुडशिंगीला एका घरी खोडव्याच्या खताबद्दल बोलत बसलो होतो. चहा झाला, तशी नववीतली नात पुढे आली. म्हणाली, "साहेब, नोएल कावर्ड नावाचा एक इंग्रज नाटककार होऊन गेला. कावर्ड म्हणजे तर भित्रा. असलं आडनाव कोण लावून घेईल?" आजोबा म्हणाले, "का गं, आपल्यात लांडगे नि कोल्हे नाहीत व्हय?"

प्रश्न चांगला होता. आडनावातला कावर्ड म्हणजे गाई राखणारा, आपला गुराखी. 'काऊ' म्हणजे गाय आणि 'हर्ड' म्हणजे राखणारा, हे दोन शब्द झिजून एक झाले. भित्रा या अर्थाचा कावर्ड निराळा. तो फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला शेपटीचा शब्द आहे. भ्यालेला प्राणी शेपूट घालतो, हे त्यांनीही पाहिले आणि आपणही.

इंग्रजांची कितीतरी आडनावे अशी शेताबांधावरची आहेत. पिंडर म्हणजे मोकाट जनावरे कोंडवाड्यात घालणारा. हेवर्ड म्हणजे गावाची कुंपणे राखणारा. कार्टराइट म्हणजे गाड्या करणारा सुतार, स्मिथ म्हणजे लोहार. आपल्याकडे पाटील, चौगुले, सुतार, कुंभार ही आडनावे जशी कामावरून पडली, तशीच ती पडली.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आपण रोज ऐकतो. १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव दिले. आयर्विन ही त्यांची पदवी. आडनाव होते वुड, म्हणजे रानाजवळ राहणारा. आणि आयर्विन या नावाचा एक अर्थ नामकोशात दिला आहे, तो रानडुकराचा मित्र! हे ऐकून आजोबांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या उसात डुकरे घुसलेली होती.

काही शब्द तर आपल्याच घरचे आहेत. आम्ही खात्यातली माणसे 'कंटूर बंडिंग' म्हणतो. त्यातला 'बंड' म्हणजे आपला बांधच. तो इंग्रजांनी इथून उचलला आणि साहेबी टोपी घालून परत पाठवला. गुळाला ते जॅगरी म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांनी मलबार किनाऱ्यावरून नेला, मूळ संस्कृत शर्करा. शुगर हीदेखील तीच शर्करा, फक्त फारसी-अरबी वाटेने गेलेली. आणि मुंगसाला इंग्रजीत मंगूस म्हणतात, तो शब्द तर मराठीतूनच गेला.

तुम्ही म्हणाल, साहेब, याने एकरी उतारा वाढतो का? वाढत नाही. पण नुकसान टळते, आणि ते मी स्वतःच्या चुकीने शिकलो आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावी सभेत मी उसातल्या तणासाठी हर्बिसाइडची माहिती दिली. शब्दाचा अर्थ काही सांगितला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंधरा दिवसांनी एक शेतकरी मला त्यांच्या टोमॅटोत घेऊन गेले. पाने पिळवटून दोरीसारखी झाली होती, शेंडे वाकले होते. उसात टू-फोर-डी मारलेल्या पंपानेच त्यांनी टोमॅटोवर किडीचे औषध मारले होते. ते म्हणाले, "साहेब, मला वाटलं दोन्ही औषधं किडीचीच. चारचौघांत विचारायची लाज वाटली." त्यांनी विचारले नाही, पण मीही सांगितले नव्हते. त्यांच्या हंगामाची भरपाई माझ्या माहितीने झाली नाही.

म्हणून आता हे नीट ध्यानात ठेवा. औषधाच्या शब्दाच्या शेवटी 'साइड' असले, की ते मारणारे आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच मारणे. कोणाला मारणार, ते अलीकडच्या भागात असते. इन्सेक्टिसाइड कीटकाला, फंजिसाइड बुरशीला, रोडेंटिसाइड उंदरा-घुशीला. आणि हर्बिसाइड वनस्पतीला! तुमचे पीकही वनस्पतीच आहे. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणाला मारते आणि उसाला सहसा सोडते. पण टोमॅटो, वांगी, कापूस, द्राक्ष यांना त्याचा अंशही सोसत नाही. तेव्हा तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर तांबड्या रंगाने खूण करा. नुसते विसळून भागत नाही.

डब्यावरचा त्रिकोणही पाहा. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. पण हिरवा झाला तरी ते विषच आहे, हे विसरू नका.

घरात शिकणारी मुले आहेत. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी डब्यावरची चिठ्ठी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. डबा मात्र मोठ्यांनीच हाताळावा. अडलेला शब्द दुकानदाराला विचारा, कृषी खात्याच्या माणसाला विचारा, आमच्यासारखा सभेत अवघड बोलू लागला तर त्याला तिथेच थांबवा. मुंगूस, बांध नि शर्करा ज्यांनी इंग्रजीला दिली, त्यांनी एका शब्दाचा अर्थ विचारताना शेपूट घालू नये.