पोट साफ नाही? मग बोला की!

ब्रेकअप झालं तर आपण स्टोरी टाकतो. ॲसिडिटी झाली तर ग्रुपवर सांगतो. पण चार दिवस पोट साफ झालेलं नाही, हे सांगायला जीभ रेटत नाही. बद्धकोष्ठ म्हणजे आजोबांचा आजार, चूर्णाच्या जाहिरातीतला, नाहीतर 2015च्या ‘पिकू’मध्ये अमिताभनं रंगवलेल्या म्हाताऱ्याचा. विशी-बाविशीत कुठलं आलंय ते?

येतं, राव. मी पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, नऊ जणांत एक संडास. आत जाऊन बसतोय तोच दारावर थाप, ‘झालं का रे?’ तिसऱ्या थापेला मी बाहेर. पुढे कॉलेजच्या टॉयलेटला कडी नाही, नळाला पाणी नाही. मग दाबून ठेवायचं ते रात्रीपर्यंत. आणि रात्री कळ येतच नाही! सहा महिन्यांत माझी गाडी चार दिवसांतून एकदा सुटायला लागली. फोनवर आईला सांगितलं, तर म्हणाली, ‘वडापाव बंद कर आधी.’ केला. फरक शून्य.

कारण गडबड नुसती ताटात नव्हती. सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं जोरात हलायला लागतं. चहा-नाश्त्यानंतर कळ येते ती म्हणूनच. ती दाबली की मळ आत पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो कडक होतो. दुसऱ्या दिवशी जोर लावावा लागतो, दुखतं, म्हणून आपण आणखी टाळतो. असं महिनोन् महिने चाललं की कळेची जाणीवच बोथट होते. शरीर हाक मारायचं सोडून देतं म्हणा ना.

मुलींचं तर विचारूच नका. बाहेर जायची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, ही युक्ती किती जणी वापरतात, जरा मैत्रिणींना विचारून बघा. त्यात पोट बिघडतंच, लघवीच्या संसर्गाचा धोकाही वाढतो. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली तेव्हा नावावरून अनेकांनी नाकं मुरडली होती. आपल्या कॉलेजांत मात्र हा विषय अजून गॅदरिंगच्या बजेटच्याही खाली असतो.

खाण्याचा दोष नाहीच, असं म्हणत नाहीये. दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. मेसच्या भात-बटाट्यात आणि मैद्याच्या पावात ते कुठून येणार? पेरू, भाकरी, मटकीची उसळ, हे स्वस्तातलं आहे. फक्त हळूहळू वाढवा आणि सोबत पाणी प्या, नाहीतर पोट फुगून बसेल. दिवसभर खुर्चीत अभ्यास, हेही एक कारण. लोहाच्या गोळ्यांनी, थायरॉइड कमी पडल्यानेही असं होतं. पण गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आणि तो मोबाईल बाहेर ठेवा हो! रील बघत अर्धा तास बसून राहिलं की मूळव्याधीला आमंत्रण. कमोड असेल तर पायाखाली छोटा स्टूल घ्या, उकिडवं बसल्यासारखं झालं की वाट मोकळी होते.

माझा रूममेट रोज रात्री चूर्णाचा चमचा मारायचा. पाकिटावर वाचलं तर सोनामुखी. ती आतड्याला ढोसून कामाला लावते. एखाद्या दिवशी ठीक, पण महिनोन् महिने स्वतःच्या डोक्यानं घेत राहायची ती गोष्ट नाही. इसबगोल वेगळं, तो भुसा पाणी धरून मळ मऊ करतो. अर्थात भरपूर पाण्यासोबतच. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर मात्र घरगुती उपाय पुरे, डॉक्टर गाठा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल, तर त्याच दिवशी. लाज वाटते? डॉक्टर हे रोज ऐकतात.

आमच्या फ्लॅटमध्ये शेवटी दारावर वेळापत्रक चिकटवलं. माणशी पंधरा मिनिटं, थाप मारायला बंदी. माझी वेळ साडेसहाची. आधी कपभर गरम चहा, मग आत. पहिला आठवडा नुसताच बसून आलो. महिनाभरात गाडी रुळावर आली.

कॉलेजला अर्ज दिला, दोनदा. उत्तर आलं नाही. मग आम्हीच वर्गणी काढून एक कडी आणली आणि बसवली. नळ अजून कोरडाच आहे. तिसरा अर्ज लिहिलाय, या वेळी खाली वर्गातल्या मुलींच्याही सह्या आहेत.