हेवी मेटलचे पाठभेद

हेवी मेटलमधला जुना, गाजलेला अल्बम विकत घेताना नुसते नाव सांगून भागत नाही. कोणत्या देशातली, कोणत्या सालची प्रत हवी, तेही सांगावे लागते. एकाच नावाच्या दोन प्रतींत कधी एखादे गाणे कमी-जास्त असते, कधी आवाजाची ठेवण निराळी असते, आणि एकदोन प्रकरणांत तर वाजवणारी माणसेच वेगळी निघतात. या संगीताचे चाहते एकत्र आले की त्यांच्या वादाचा निम्मा वेळ याच भेदांवर जातो. बाहेरच्याला ते खूळ वाटते. पोथ्या जुळवून पाहणाऱ्याला वाटणार नाही. एकनाथांनी 1584 च्या सुमारास ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी पदरच्या ओव्या घुसडू नयेत म्हणून बजावूनही ठेवले. हेवी मेटलला असे नाथ लाभलेले नाहीत. इथे घुसडणारे बहुधा खुद्द ग्रंथकर्ते किंवा त्यांचे प्रकाशक असतात.

पाठभेदाची सुरुवात या संगीताच्या पहिल्या पानापासूनच होते. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी इंग्लंडमध्ये व्हर्टिगो कंपनीने काढला. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटलेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, तारा हलक्या घेतल्या, आणि पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पर्यंत त्या सैल सोडून सूरही खाली उतरवला. हेवी मेटलचा जड, खर्जातला आवाज म्हणतात त्याचे एक मूळ या टोपणांत आहे. पण मुद्दा प्रतींचा. इंग्लंडच्या प्रतीत दुसरी बाजू ‘इव्हिल वूमन’ने सुरू होते, हे गाणे मुळात क्रो नावाच्या अमेरिकी बँडचे. तोच अल्बम त्याच वर्षी अमेरिकेत वॉर्नरने काढला, तेव्हा ते गाळून तिथे ‘विकेड वर्ल्ड’ घातले. पन्नास वर्षांहून अधिक काळ ‘पहिला हेवी मेटल अल्बम’ हा शब्दप्रयोग दोन वेगवेगळ्या तबकड्यांना लावला जातो आहे.

पुढे हा शिरस्ताच पडला. आयर्न मेडनच्या 1980 च्या पहिल्या अल्बममध्ये ‘सँक्च्युअरी’ हे गाणे इंग्लंडच्या मूळ प्रतीत नाही, अमेरिकेच्या प्रतीत आहे. मेटालिकाचा ‘किल एम ऑल’ 1983 मध्ये मेगाफोर्स या छोट्या कंपनीने काढला. 1988 मध्ये इलेक्ट्राने तो पुन्हा काढताना शेवटी दुसऱ्या बँडांची दोन गाणी जोडली. ज्याने ही दुसरी प्रत आधी ऐकली त्याला ‘अ‍ॅम आय इव्हिल’शिवाय हा अल्बम अपुरा वाटतो, आणि ज्याच्याकडे पहिली आहे त्याला ते शेपूट वाटते. आयर्न मेडनने तर 1982 च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ची चाळीस वर्षे साजरी करताना, 2022 च्या तबकडीत ‘गँगलँड’ काढून त्या जागी ‘टोटल एक्लिप्स’ बसवले. मूळ निवड चुकली, असे बँडमध्येच म्हटले जात असे. चूक कबूल करणे चांगले. चाळीस वर्षे लोकांच्या कानांत मुरलेली चूक दुरुस्त करणे कितपत चांगले, हा प्रश्न वेगळा.

जपानचे प्रकरण निव्वळ बाजारातून आले. तिथे देशात छापलेल्या सीडीची किंमत ठरलेली असते, आणि परदेशातून आलेली तीच सीडी स्वस्त पडते. गिऱ्हाइकाने देशी प्रत घ्यावी म्हणून कंपन्या तिच्यात एखादे जादा गाणे घालू लागल्या. झाले उलटेच. बाहेरच्या जगातले चाहते ते एक गाणे मिळवण्यासाठी जपानी प्रत दुपटीने पैसे मोजून मागवू लागले. कडेला जपानी मजकुराची कागदी पट्टी शाबूत असेल तर जुन्या बाजारात आणखी भाव. गाणे बहुतेकदा अल्बममधून वगळण्याच्या लायकीचेच असते.

मुंबईपुण्याच्या श्रोत्याकडे यांपैकी कोणती प्रत आली, हे बराच काळ त्याच्या हातात नव्हते. काळाघोड्याचे ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान फेब्रुवारी 2016 च्या अखेरीस बंद झाले. तिथे विकत घेण्याआधी ऐकता येत असे, पण इतरांसाठी मार्ग एकच होता: कोणाकडची तरी तबकडी किंवा सीडी गाठायची आणि कॅसेट भरून घ्यायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ जेमतेम चाळीस मिनिटांचा, एका बाजूत आरामात मावे. स्लेअरचा 1986 चा ‘रेन इन ब्लड’ एकोणतीस मिनिटांच्या आत संपतो. त्याची तर कंपनीने काढलेली कॅसेटही दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम भरून विकली गेली. मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मात्र जवळजवळ पंचावन्न मिनिटांचा. तो एका बाजूवर भरायला घेतला तर पट्टी ‘ओरायन’च्या मध्यावर संपते. क्लिफ बर्टनच्या बेस गिटारसाठी ओळखली जाणारी ही शब्दांविनाची रचना अर्ध्यावर तुटायची, आणि ‘डॅमेज इंक’ नावाचे गाणे अल्बममध्ये आहे याचा पत्ताच लागत नसे. हाही पाठभेदच, फक्त तो कोणत्याही सूचीत नाही.

लांबीचा हा हिशेब नव्या अल्बमांच्या वादाशी थेट जोडलेला आहे. तबकडीच्या एका बाजूवर बावीस-तेवीस मिनिटांपलीकडे भरले की खाचा दाटीने बसतात आणि आवाज, विशेषतः खर्ज, बारीक होतो. त्यामुळे 1970 आणि 1980 च्या दशकांतला अल्बम बहुधा चाळीस मिनिटांच्या आसपास राहिला. नववे गाणे बरे असले तरी जागा नसे. सीडीने ही मर्यादा उठवली. आयर्न मेडनचा 2021 चा ‘सेनजुत्सू’ सुमारे ब्याऐंशी मिनिटांचा आहे, मेटालिकाचा 2023 चा ‘72 सीझन्स’ सत्याहत्तर मिनिटांचा. ‘पूर्वीसारखे आता राहिले नाही’ हे रडगाणे ऐकवणारे वयाचा दोष बँडला देतात. दोन्ही अल्बममधली चाळीस मिनिटे निवडून लागोपाठ ऐकली तर तक्रार निम्म्याने कमी होईल. तबकडी ही फुकटची आणि निर्दय संपादक होती. ज्युडस प्रीस्टचा 2024 चा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ बँडच्या जन्मानंतर अर्धशतक उलटून गेल्यावर आला आणि तरी तो ताठ उभा आहे, तो मूळ प्रतीतच. जादा तीन गाण्यांची विशेष प्रत घेणाऱ्याने ती शेवटची तीन वेगळी ऐकावीत.

गाणी तीच, क्रम तोच, आणि तरी प्रत वेगळी, असाही प्रकार आहे, आणि तोच जास्त चिवट. मेटालिकाचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ 1988 मध्ये आला. क्लिफ बर्टन 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला होता. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा पहिला पूर्ण अल्बम. त्यात बेस गिटार ऐकूच येत नाही. तो वाजवला गेला, ध्वनिमुद्रित झाला, आणि अखेरच्या मिश्रणात इतका खाली दाबला गेला की गिटारच्या खालचा मजला रिकामा राहिला. हे मिश्रण ज्यांनी केले त्यांनी बँडकडे बोट दाखवले आहे. 2018 मध्ये हा अल्बम नव्याने काढला तेव्हा बेस वर येईल अशी आशा होती, पण बँडने मूळ मिश्रणाला हात लावला नाही. नाराज चाहत्यांनी घरी बसून बेस वाढवलेल्या प्रती केल्या, त्या हातोहात फिरल्या. त्यांत संगीत भरदार वाटते, हे खरे. पण ज्या कोरड्या, हाडे मोजता येतील अशा आवाजामुळे हा अल्बम इतरांपासून वेगळा ओळखू येतो, तो त्यांत उरत नाही. बँडने इथे नाथांचे ऐकले म्हणायचे.

याच बँडने 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये नेमका उलटा घोळ घातला. सीडीवर आवाजाला वरची एक हद्द असते. तिच्यापलीकडे आकडाच नसतो. अल्बम इतरांपेक्षा मोठा वाजावा म्हणून हळू भाग वर ओढत नेले की मोठे भाग त्या हद्दीवर आपटून सपाट होतात. ड्रमचा ठोका ठोका राहत नाही, फाटलेला आवाज होतो. गंमत अशी की याच सुमारास हीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्येही आली. खेळासाठी प्रत्येक वाद्य सुटे लागते, म्हणून तिथे हे शेवटचे दाबणे झालेच नव्हते. खेळातला अल्बम दुकानातल्यापेक्षा चांगला वाजतो, हे चाहत्यांनी आलेख काढून दाखवले, आणि हजारोंनी सह्या करून नवे मिश्रण मागितले. तेव्हा ते मिळाले नाही. ‘रीमास्टर’ हा शब्द कव्हरवर पाहून जुना अल्बम घेणाऱ्याने हे प्रकरण ध्यानात ठेवावे: या शब्दाचा अर्थ कधी ‘स्वच्छ केलेला’ असा असतो, आणि कधी नुसताच ‘मोठा केलेला’.

म्हणून जाणकार गिऱ्हाईक जुन्या तबकडीचे कव्हर पाहून थांबत नाही. तबकडी बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरतो. शेवटच्या खाचेपासून मधल्या कागदापर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी असते, तिच्यावर साचा घडवणाऱ्याने आकडे कोरलेले असतात, कधी त्याची आद्याक्षरेही. ती पट्टी म्हणजे या पोथीची पुष्पिका: नकल कोणी केली ते तिथे कळते. व्हर्टिगोची काळ्यापांढऱ्या भोवऱ्याची पहिली छपाई आणि तिच्यामागून आलेल्या छपाया यांच्या किमतींत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

नव्या अल्बमांना या विद्येची गरज कमी. एकच नवा अल्बम लाल, हिरव्या, शेवाळी अशा पाच रंगांच्या तबकड्यांत निघतो, आत संगीत तेच. हा पाठभेद नव्हे, साड्यांचा सेल आहे. लहान बँडांचे बरे असते. मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शनने 2017 मध्ये ‘दशावतार’ काढला, मत्स्य-कूर्मापासून एकेका अवतारावर एकेक गाणे. असा अल्बम थेट बँडकडून घेता येतो आणि पैसा कोणाकडे गेला ते कळते. बँडकॅम्पसारखी विक्रीची जागा डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के ठेवून घेते, बाकीचा बहुतेक पैसा वाजवणाऱ्याला पोचतो. महिन्याची वर्गणी भरून ऐकणाऱ्याला हे सुख नाही, आणि आणखी एक अडचण आहे. तिथे कंपनी आज जी प्रत ठेवील तीच ऐकायची. उद्या तिने बदलली तर आदल्या दिवशीची पुरावा म्हणूनही उरत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. मेगाडेथच्या डेव्ह मस्टेनने 2004 मध्ये आपले जुने अल्बम नव्याने मिसळून काढले. 1990 च्या ‘रस्ट इन पीस’मधले मूळ गायन काही ठिकाणी सापडले नाही, म्हणून तो चौदा वर्षांनी पुन्हा गायला. आवाज त्याचाच, पण तो माणूस राहिलेला नाही. ऐकताना सांधा कळतो. तरी हे निदान ज्याचे त्याने केले. ब्लॅक सबाथमधून बाहेर पडलेल्या ऑझी ऑस्बर्नच्या पहिल्या दोन अल्बमांचे काय झाले, ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत वाईट पान आहे. 1980 चा ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि 1981 चा ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ या दोन्हींत गिटारवर रँडी ऱ्होड्स, बेसवर बॉब डेझली आणि ड्रमवर ली कर्सलेक होते. ऱ्होड्स 19 मार्च 1982 रोजी विमान अपघातात पंचविशीत गेला. उरलेल्या दोघांचा ऑस्बर्न यांच्याशी श्रेय आणि रॉयल्टीवरून कोर्टकज्जा जुंपला. 2002 मध्ये दोन्ही अल्बम नव्याने निघाले, तेव्हा डेझली आणि कर्सलेक यांचे वादन पुसून त्या जागी ऑझीच्या तेव्हाच्या बँडमधल्या रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांचे घातलेले होते. मेलेल्या गिटारवादकाभोवती वीस वर्षांनी दुसरीच माणसे वाजवू लागली. दोघेही उत्तम वादक. ट्रुहियो पुढच्याच वर्षी मेटालिकात गेला. दोष त्यांचा नव्हे. पण ऱ्होड्स ज्यांच्याकडे पाहून वाजवत होता ते तिथे नाहीत, हे गिटार लपवत नाही. चाहत्यांनी या प्रतीला नऊ वर्षे शिव्या घातल्या आणि 2011 मध्ये मूळ वादन परत आले.

ऑझी 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचा गायला आणि 22 जुलैला वारला. त्यानंतर या अल्बमांकडे पहिल्यांदाच वळणारे पुष्कळ आहेत. जुन्या सीडींच्या ढिगात ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हाती लागली तर आधी मागची बाजू पाहावी: 2002 असेल तर परत ठेवावी, 2011 असेल तर घ्यावी.