अर्धा होनाजी

दिवाळीच्या पहाटे गुंजवण्यात राजगड अजून काळोखात असतो, पण गोठे जागे झालेले असतात. गेल्या वर्षी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत आमच्याकडे ‘घनश्याम सुंदरा’ लागले होते. दूध घालायला आलेले आबा उंबऱ्याशी थबकले.

“कोन्या संताचं म्हनायचं हे?”

“संताचं नव्हे आबा, होनाजी गवळ्याचं. तुमच्याच धंद्यातला माणूस!”

आबा हसले. पण हाच होनाजी लावण्याही रचीत असे, असे मी म्हणताच पुण्याहून आलेले आमचे पाहुणे गंभीर झाले. “सणासुदीला मुलांपुढे तो विषय कशाला?”

वाचकहो, माझे भांडण या ‘कशाला’शी आहे.

१९५१ साली शांतारामबापूंनी ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला. होनाजी झाले पंडितराव नगरकर, तमाशातली गुणवती झाल्या संध्याबाई. त्यांचा हा पहिलाच चित्रपट. संगीत वसंत देसाईंचे. १९५२ साली तो फ्रान्समधल्या कान महोत्सवातही गेला. उत्तर पेशवाईतला, दूधदुभत्यात वाढलेला आणि कवनांचे वेड लागलेला हा गवळी, अन् त्याच्यावर जीव टाकणारी ती नर्तकी! पहाटेची भूपाळी आणि रात्रीचा फड चित्रपटाने एकाच पडद्यावर शेजारी बसवले.

आपण काय केले? भूपाळी देवघरात नेली आणि फडाला दाराबाहेर ठेवले. नगरकर आणि लताबाईंनी गायिलेले ते गाणे घरोघरी पोहोचले. चित्रपट मात्र किती घरांत पाहिला जातो? तो संथ आहे, त्यातले बोलणे नाटकी वाटते, हे मला कबूल आहे. पण तेवढ्यासाठी आपण त्याला टाकलेले नाही. देवाला उठवणारा माणूस नाचणारणीच्या पायांसाठीही शब्द रचतो, हेच आपल्याला सोसत नाही.

आणि ती भूपाळी तरी नीट ऐकली आहे का? तीत धार काढण्याची वेळ आहे, हंबरणाऱ्या गाई आहेत. ती सोवळ्यात नव्हे, गोठ्यात सुचलेली वाटते. गवळी वगळला तर त्या पहाटेत उरते काय?

म्हणून यंदा फराळ झाला की मुलांना घेऊन हा चित्रपट पाहा. सणाच्या दिवशी अर्धाच पाहुणा घरात घेणे आपल्या रीतीत बसत नाही.

आबांनी तेव्हाच निकाल दिला होता. किटली उचलताना म्हणाले, “गवळ्याचं हाय ना? मग जरा मोठ्यानं लावा!”