नवे मास्तर व बाजरीची राखण

शिरूर-दौंडकडील एखाद्या कोरडवाहू गावी शहरातून नवे मास्तर येतात, आणि भाद्रपदात वर्ग अर्धा रिकामा पाहून खिन्न होतात. मुले गोफण घेऊन माळ्यावर पाखरे राखीत असतात! 'पालकांस विद्येची चाड नाही,' असा ग्रह मास्तर करून घेतात. तो आमच्या मते अन्यायाचा आहे. ज्या घरी शेतातली बाजरी हेच वर्षाचे अन्न, त्यांनी ती पाखरांस सोडावी काय? नांगराची मूठ धरू शकेल असा शिक्षक महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागितला होता, तो उगीच नव्हे. मास्तरांनी एखादी सकाळ माळ्यावर काढावी. आणि बापांनीही, कणसे खळ्यात पडताच, दुसऱ्या दिवशी मुलास शाळेत धाडावे.