एक होडी, दोन वल्ही



होडीत दोघे बसले असतील, तर तिचा नावाडी कोण? मागे बसून दिशा देणारा, असे तुम्ही म्हणाल. मला हे उत्तर अर्धेच बरोबर वाटते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तरेस, कॅनडाच्या सीमेला लागून 'बाउंड्री वॉटर्स' नावाचे अरण्य आहे. सुमारे ११ लाख एकरांच्या या प्रदेशात एक हजाराहून अधिक तलाव आहेत. १९७८ च्या कायद्याने तेथे मोटारबोटींवर कडक मर्यादा घातल्या. त्यामुळे बहुतेक तलावांत वल्ह्याचीच होडी चालते. या लांबट, निमुळत्या होडीला कॅनू म्हणतात. तेथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोक भूर्जवृक्षाच्या सालीपासून अशा होड्या बनवत. आज अनेक कुटुंबे तंबू आणि शिधा घेऊन तेथे प्रवासाला जातात.

कॅनूत एक जण पुढे बसतो, एक मागे. मागचा दिशा सांभाळतो. पुढचा जोर लावतो आणि पाण्यातील खडकांवर नजर ठेवतो. एकाने डावीकडे, तर दुसऱ्याने उजवीकडे, एका लयीत वल्हवावे लागते. एक तलाव संपला, की होडी खांद्यावर घेऊन पायवाटेने दुसऱ्या तलावापर्यंत चालायचे. तेव्हा लहान मूलही वल्ही उचलते. तेथे कोणी नुसता पाहुणा नसतो.

आता विचार करा. मागे वडील आहेत, पुढे मुलगी आहे. खडक आधी कोणाला दिसेल? मुलीला! ती भीतीने गप्प राहिली, किंवा 'तुला काय कळते?' म्हणून वडिलांनी तिचे ऐकले नाही, तर होडी आदळेल आणि दोघेही पाण्यात पडतील. पती-पत्नी होडीत असले, तरी हाच नियम.

काही जण म्हणतील, निर्णय मोठ्यांनीच घ्यावेत. खरे आहे. वारा वाढला, तर होडी किनाऱ्याला कधी लावायची, हे अनुभवी माणसानेच ठरवावे. पण निर्णय घेणे वेगळे आणि दुसऱ्याचे न ऐकणे वेगळे.

आपले घरही अशीच एक होडी आहे. ईदची तयारी असो की घरखर्चाची अडचण, धाकट्यांना 'तुम्ही बाहेर खेळा' असे सांगून आपण त्यांचे वल्हे काढून घेतो. मग ती मुले जबाबदारी कशी शिकणार?

म्हणून मित्रांनो, तुम्हाला खडक दिसला, तर नम्रपणे पण वेळेवर सांगा. आणि तुमच्या धाकट्या भावंडाने काही सांगितले, तर हसू नका. कदाचित ते होडीत तुमच्या पुढे बसलेले असेल.