विश्लेषण : उरलेल्या अन्नावर विद्यार्थ्यांची भूक भागेल? जगभरातले विद्यार्थी स्वस्त थाळीची मागणी का करत आहेत?

फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत ९ फेब्रुवारी २०२३ रोजी एका थाळीवर मतदान झाले. देशातील प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या उपाहारगृहात एक युरोत, म्हणजे साधारण ९० रुपयांत जेवण मिळावे, असा प्रस्ताव होता. बाजूने १८३ मते पडली, विरोधात १८४. एका मताने थाळी हुकली. ‘अन्न वाया घालवू नका, उरलेले गरजूंना द्या’ हे विद्यार्थ्यांच्या मोहिमांचे नेहमीचे वाक्य. मग ते वाक्य सोडून विद्यार्थी थेट जेवणाच्या दराबद्दल का बोलू लागले? आणि महाराष्ट्रातील मेस, वसतिगृहांशी त्याचा काय संबंध?

फ्रान्समध्ये रांगा का लागल्या?

उरलेल्या अन्नाबाबत फ्रान्सचा कायदा जगात सर्वात कडक समजल्या जाणाऱ्या कायद्यांपैकी एक आहे. २०१६ च्या या कायद्यानुसार ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटला न विकले गेलेले, पण खाण्याजोगे अन्न मुद्दाम नष्ट करता येत नाही. ते देण्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करावा लागतो. म्हणजे नासाडीच्या बाजूने पाहिले तर फ्रान्सने गृहपाठ केलेला होता.

तरीही करोनाकाळात पॅरिसमध्ये अन्नाची पाकिटे घेण्यासाठी विद्यार्थ्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. टाळेबंदीत कॅफे, रेस्तराँ बंद झाली आणि तिथे काम करून खोलीभाडे भरणाऱ्या मुलांची कमाई एका झटक्यात थांबली. सॉर्बोनच्या काही विद्यार्थ्यांनी २०२० मध्ये ‘कोप-१’ ही संस्था काढून आपल्याच बरोबरीच्या मुलांना किराणा वाटायला सुरुवात केली. ‘लिंकी’ ही दुसरी संस्था दुकानांत न खपलेला माल गोळा करून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवू लागली. टाळेबंदी उठली, रांगा मात्र संपल्या नाहीत.

सरकारने जानेवारी २०२१ मध्ये सर्वच विद्यार्थ्यांसाठी एक युरोचे जेवण सुरू केले. नंतर ते शिष्यवृत्तीधारक आणि अडचणीत असल्याचे सिद्ध करू शकणाऱ्यांपुरते ठेवले. बाकीच्यांना तेव्हा ३.३० युरो पडत. श्रीमंतांच्या मुलांना करदात्यांच्या पैशातून स्वस्त जेवण कशाला, हा सरकारचा तेव्हाचा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड आहे. पण शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा जेमतेम ओलांडणाऱ्या घरातल्या मुलाचे काय? आपल्याकडे नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घातलेल्या कुणालाही हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

अमेरिकेत सुरुवात कशी झाली?

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अन्नपेढी सुरू केली. देशातील ही अशी पहिली पेढी मानली जाते. परंतु चळवळीला वेग आला तो २०१० नंतर. मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क आवारात २०११ मध्ये काही विद्यार्थ्यांच्या लक्षात आले, की मेस बंद होताना भांड्यांत शिल्लक राहिलेले, कुणी हातही न लावलेले अन्न कचऱ्यात जाते. त्यांनी ते डबे भरून वॉशिंग्टन परिसरातील निवारा केंद्रांना पोहोचवायला सुरुवात केली. त्यातून ‘फूड रिकव्हरी नेटवर्क’ उभे राहिले. आज अनेक राज्यांतल्या महाविद्यालयांत त्याच्या शाखा आहेत.

मेस चालवणाऱ्यांची पहिली शंका ठरलेली असते : उद्या कुणाचे पोट बिघडले तर? त्यावर अमेरिकेत १९९६ पासून ‘बिल इमर्सन’ कायदा आहे. सद्हेतूने दिलेल्या अन्नासाठी, घोर निष्काळजी नसेल तर, देणाऱ्यावर खटला चालत नाही. उरलेला प्रश्न तापमानाचा. शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जास्त वेळ राहिले की जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यामुळे विद्यार्थ्यांना थर्मामीटर, थंडपेटी आणि नोंदवही हाताळायला शिकवले जाते. आपल्याकडेही ‘एफएसएसएआय’ने २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या संकलन-वितरणाचे नियम केले आहेत. लग्नाच्या हॉलमधून रात्री साडेअकराला टेम्पो भरणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहेत, हा भाग वेगळा.

वाटप करणाऱ्यांनाच काय कळले?

लॉस एंजेलिसच्या ‘यूसीएलए’मधील गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथे मेसचे पैसे आगाऊ भरलेले असतात आणि कार्ड ‘स्वाइप’ करून जेवण घेता येते. न वापरलेली जेवणे मुदत संपली की बुडतात. २०१० च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी ही बुडणारी जेवणे शहरातील बेघरांना द्यायची ठरवले. हे करता करता त्यांना दिसले, की शेजारच्या बाकावरचा मुलगाही उपाशी आहे. ‘स्वाइप आउट हंगर’ या त्यांच्या संस्थेचा रोख मग आवाराबाहेरून आवारात वळला. दान केलेली जेवणे गरजू विद्यार्थ्याच्या कार्डावरच जमा करायची पद्धत अनेक ठिकाणी रुळली. काउंटरवरच्या माणसाला किंवा मागे उभ्या असलेल्या मित्राला हे जेवण कुणाच्या पैशाचे आहे, ते कळत नाही. तांत्रिकदृष्ट्या हा बदल किरकोळ आहे. पण रांगेत ओळखीचे कुणी भेटेल या धास्तीने अन्नपेढीकडे न फिरकणाऱ्यांसाठी तोच निर्णायक ठरतो.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, ‘जीएओ’ने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२० मध्ये तेथील २३ टक्के महाविद्यालयीन विद्यार्थी, म्हणजे सुमारे ३८ लाख जण, पुरेशा अन्नाच्या शाश्वतीविना शिकत होते. सरकारी अन्नसाहाय्याची ‘स्नॅप’ योजना आहे. मात्र अर्धवेळ किंवा त्याहून अधिक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, काही अपवाद वगळता, त्यासाठी आठवड्याला २० तास काम करावे लागते. शिकायचे की जेवणासाठी पात्र ठरायचे, अशी ही अट आहे. आणि पात्र असूनही बहुतेकांपर्यंत योजना पोहोचत नाही, हेही त्याच अहवालातून दिसले.

इथे डबे वाहणारे विद्यार्थी विधिमंडळांकडे वळले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ‘हंगर फ्री कॅम्पस’साठी ७५ लाख डॉलर दिले. २०१९ मध्ये न्यू जर्सीने तसा कायदा केला, पुढे आणखी राज्यांनी. रक्कम फार मोठी नाही. पण विद्यार्थी उपाशी असतो, हे सरकारी कागदावर आले.

भागाकार बरोबर, मग उत्तर कुठे चुकते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात घरे, उपाहारगृहे आणि दुकाने मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. यातले सुमारे ६० टक्के घरांतले. दुसरीकडे २०२४ मध्ये भुकेल्यांची संख्या साधारण ६७ कोटी ३० लाख होती. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा : प्रत्येक भुकेल्याला दिवसाला चार किलोंहून अधिक अन्न! महाविद्यालयातल्या पोस्टर स्पर्धेत हा भागाकार हमखास असतो. समोरचा हळहळतो, ताट स्वच्छ करण्याची शपथ घेतो आणि कार्यक्रम संपतो.

गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. एक तर या १०५ कोटी टनांत साले, कोयी, हाडेही धरलेली आहेत. दुसरे, पुण्यात ताटात टाकलेली पोळी सुदानला जात नाही, नंदुरबारलाही जात नाही. तिथे भूक आहे ती युद्धामुळे, रोजगार नसल्यामुळे, खिशात पैसे नसल्यामुळे. नासाडी थांबवायलाच हवी. वाया गेलेल्या प्रत्येक दाण्यामागे पाणी, खत आणि शेतकऱ्याची मेहनत असते. पण ते पर्यावरणाचे आणि खर्चाचे गणित आहे. त्याला भुकेचे उत्तर म्हणून खपवले, की भुकेची जबाबदारी ज्यांची आहे ते अलगद सुटतात.

दोन्ही मोहिमा एकमेकींच्या आड येतात?

कधी कधी येतात, आणि याबद्दल फारसे बोलले जात नाही. अमेरिकी मेसमध्ये नासाडी कमी करण्याचा गाजलेला उपाय म्हणजे ट्रे काढून टाकणे. २००८ मध्ये एका केटरिंग कंपनीने २५ शिक्षणसंस्थांत केलेल्या मोजणीत ट्रे नसताना माणशी नासाडी २५ ते ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. भाषण नाही, शपथ नाही. हातात मावेल तेवढेच घेतले जाते. रचना बदलली की सवय बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता हेच आपल्या मेसमध्ये आणून पाहा. ‘अनलिमिटेड’ थाळी बंद करून मोजकी थाळी केली, तर उष्टे नक्की कमी होईल. पण दिवसातून एकदाच जेवणारा मुलगा त्या अनलिमिटेड थाळीवरच दुसऱ्या वेळची भूक काढत असतो. पैसे वाचवण्यासाठी दोघांत एक डबा लावणारी मुले स्पर्धा परीक्षांच्या पुण्यात नवी नाहीत. सदाशिव, नारायण पेठेतल्या कुठल्याही मेसवाल्या काकूंना विचारावे. नासाडीविरोधी नियम करताना या मुलाला विचारले नाही, तर नियमाची किंमत तोच मोजतो.

परदेशातील मराठी विद्यार्थ्यांना याची झळ बसते का?

बसते. कॅनडात शिकायला जाणाऱ्यांना निर्वाहापुरते पैसे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ही रक्कम २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १० हजार कॅनेडियन डॉलरवरच अडकली होती. दरम्यान घरभाडे, किराणा कुठल्या कुठे गेला. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ डॉलर करण्यात आली. मधल्या काळात ‘एवढ्यात भागते’ असे सरकारी आकड्यावरून समजून शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलांपैकी अनेकांना अन्नपेढ्यांचे दार ठोठवावे लागले. २०२३ मध्ये ब्रॅम्प्टनमधील एका अन्नपेढीने परदेशी विद्यार्थ्यांना अन्न देणे बंद केले. पेढ्यांवर ताण होता, हे खरे. समाजमाध्यमांवर मात्र सगळा राग ‘फुकट खाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यां’वर निघाला, वीस वर्षे न बदललेल्या आकड्यावर फार थोडे बोलले गेले.

महाराष्ट्रात विद्यार्थी यावर बोलले आहेत का?

बोलले आहेत, चालतही गेले आहेत. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतील मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात देण्याचा निर्णय घेतला. ठेकेदारांचा निकृष्ट आहार आणि गैरप्रकार थांबतील, मुलांना हवे ते खाता येईल, ही सरकारची बाजू. मुलांचे म्हणणे सोपे होते : पैसे वेळेवर येत नाहीत, आणि पोट हप्त्याची वाट पाहत नाही. जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी मेस पूर्ववत करा या मागणीसाठी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पोलिसांनी त्यांना वाटेत अडवले. जगभरच्या विद्यार्थी चळवळीच्या चर्चेत या मोर्चाचे नाव येत नाही, पण मागणी पॅरिसच्या मुलांचीच होती.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत तिच्यात भोजन भत्ता धरला आहे वर्षाला ३२ हजार रुपये. ३६५ दिवसांवर विभागले, तर दिवसाला ८८ रुपयेही होत नाहीत. दोन वेळचा चहा, नाश्ता, जेवण, सगळे त्यात. योजना २०१६-१७ पासूनची आहे. तेव्हाचा गॅस सिलिंडर, तेव्हाची तूरडाळ आणि आजची, हा हिशेब मेसवाला दर महिन्याला करतो, सरकारने तो किती वेळा केला? त्यातही रक्कम उशिरा येते, ही दरवर्षीची तक्रार.

महाविद्यालयांनी मोजायचे काय?

१६ ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन येतो, २९ सप्टेंबरला अन्न नासाडीविषयी जागृतीचा दिवस. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, रॅली, घोषवाक्ये होतात. काही महाविद्यालये मेसच्या दारात फळा लावून ‘आज इतके किलो अन्न वाया’ असे लिहितात. चांगली पद्धत आहे, वजनकाट्याखेरीज खर्च नाही.

त्याच फळ्यावर दुसरा आकडा लिहायला जागा असते. गेल्या ३० दिवसांत पैसे नाहीत म्हणून तुम्ही एखादे जेवण टाळले का, असा प्रश्न अमेरिकेच्या सर्वेक्षणांत विद्यार्थ्यांना विचारला जातो. ‘जीएओ’चे ३८ लाख अशाच उत्तरांतून आले. हा प्रश्न नाव न विचारता, मोबाइलवरच्या एका फॉर्ममधून कुठल्याही महाविद्यालयाला विचारता येईल. नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थ्यांकडून समाधानाचे फॉर्म भरून घेतले जातातच. त्यात हा एक प्रश्न वाढेल.